अकरावी चिठ्ठी

लायब्ररीकाकांनी आठ महिने खपून जोडलेलं होडीचं इंजिन पहिल्यांदा सुरू झालं ते एका शनिवारी सकाळी सव्वाअकरा वाजता. अकरा वाजून सोळा मिनिटांनी ते इमारतीच्या मागच्या अंगणातून सेक्रेटरींच्या वाळत घातलेल्या चादरींकडे निघालं होतं.

यात इंजिनाची काही चूक नव्हती. 'चाचणीपूर्वी इंजिन भक्कम आधारावर बसवावे' असं इंजिनदुरुस्तीच्या पुस्तकात स्वच्छ लिहिलेलं होतं आणि पुस्तकातलं अक्षरही खाली पडू द्यायचं नाही हा काकांचा पस्तीस वर्षांच्या ग्रंथपालकीतला नेम होता. आता काकांच्या घरात भक्कम म्हणावी अशी एकच वस्तू होती. लायब्ररी नव्या जागेत गेली तेव्हा पुस्तकं वाहायची जुनी लोखंडी ढकलगाडी भंगारात निघाली होती, ती काकांनी मागून आणली होती. विश्वकोशाचे सगळे खंड एका वेळी अंगावर घेऊन ती कधी कुरकुरली नव्हती. काकांनी तिच्यावर इंजिन चार बोल्टांनी आवळलं, चार चाकांना चार विटा लावल्या आणि आता हे हलणं शक्य नाही असं काकूंना सांगितलं. विश्वकोश आपण होऊन थरथरत नाही, एवढी एकच गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नव्हती.

हँडल मारायला दादा होते. दादा म्हणजे काकूंचे थोरले भाऊ, होडी त्यांचीच. त्यांनी चार फेरे मारले, काकांनी हेडवरचा, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचा, खटका पाडला, इंजिनाने एकदा खोकून बघितलं आणि एकदम काळ्या धुराचा लोट सोडून धडाडायला लागलं. पहिली वीट बाजूला सरकली. दुसरी फुटली. पाण्याच्या पिंपातून नळी निसटली आणि तिने आजूबाजूला उभ्या असलेल्यांना सारखं भिजवलं. गाडी निघाली.

"चालू झालं! भाऊजी, चालू झालं!" म्हणत दादा आनंदाने तिच्यामागे पळत होते.

"बंद कसं करायचं ते एकशे बाराव्या पानावर आहे!" म्हणत काका पुस्तक चाळत दादांच्या मागे पळत होते.

पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीतून लहान मुलांचे डॉक्टर ओरडले, "अहो, डिझेलचा कॉक बंद करा!" ते काकांना एकशे बाराव्या पानावर पोचायच्या आतच ऐकू आलं, म्हणून दोन चादरींवरच भागलं. तिसरीपाशी इंजिन एक उसासा टाकून थांबलं.

काकू दारात उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. नुसतं त्या फुटक्या विटेकडे पाहून आत गेल्या. चाळीस वर्षांच्या संसारात काका काकूंच्या बोलण्याला कधी भ्यायले नव्हते.

खरं तर काकांनी आयुष्यात नळाचं वायसरसुद्धा बदललेलं नव्हतं. पण दादांच्या इंजिनाने मान टाकली आणि गॅरेजवाल्याने "हे आता वजनावर द्या" असा निकाल दिला, तेव्हा जेवताना काका हळूच म्हणाले होते, "तसं… पुस्तकात सगळं दिलेलं असतं." ते कोणाला उद्देशून म्हणाले नव्हते. बोलणारी माणसं बोलत असताना आपणही काहीतरी बोलावं, म्हणून बोलले होते. दादांनी घास तसाच धरून विचारलं, "भाऊजी, तुम्ही कराल?" आणि त्या डोळ्यांना 'नाही' म्हणण्याइतकं धैर्य काकांच्या अंगी नव्हतं. काकांचे आयुष्यातले बहुतेक पराक्रम हे असे धैर्य नसल्यामुळे घडलेले आहेत.

दादा तीस वर्षं नदीच्या या काठावरून त्या काठावर माणसं नेत होते. प्रवाह उलटा असला की पंचवीस मिनिटांची फेरी, एका वेळी चौदा माणसं. त्यांचा परवाना या महिनाअखेरीस संपत होता आणि तपासलेलं इंजिन असल्याशिवाय पुढचा मिळणार नव्हता. एकदा परवाना तुटला की तो काठ दुसऱ्याला. मग होडी विकायची आणि लेकीकडे तिसऱ्या मजल्यावर जाऊन राहायचं. लेक चांगली होती, जावई सोन्यासारखा होता. "पण त्या खिडकीतून समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी दिसते हो," दादा म्हणत. "पाणी म्हणून दिवसभर तेवढंच बघायचं?"

म्हणजे हातात उरले होते दहा दिवस, एक चालतं, किंबहुना फारच चालतं इंजिन, आणि सेक्रेटरींच्या दोन काळ्या चादरी.

सेक्रेटरी संध्याकाळी वही घेऊन आले. ते वाईट मनाचे गृहस्थ नव्हते. फक्त जगातली प्रत्येक गोष्ट कुठल्या ना कुठल्या नियमाखाली बसलीच पाहिजे असं त्यांना वाटे आणि ती बसली नाही तर त्यांना रात्री झोप येत नसे.

"हे वाहन आहे का?" त्यांनी विचारलं.

"वाहनाचं इंजिन आहे," काका म्हणाले.

"वाहन म्हटलं तर नंबराची पाटी लागेल आणि उभं करायची जागा लागेल. जागा शिल्लक नाही. यंत्र म्हटलं तर तो धंदा झाला आणि इमारतीत धंद्याला मनाई आहे." ते बराच वेळ पेन्सिल चावत बसले. "पाळीव म्हणता येणार नाही, नाही का?"

"ते अंगणात फिरलं खरं," डॉक्टर म्हणाले. ते चौकशीला म्हणून खाली आले होते.

अखेर काकूंनी आतून सांगितलं, "घरगुती उपकरण म्हणून लिहा. माझ्या मिक्सरचाही आवाज होतोच की." सेक्रेटरींचा जीव भांड्यात पडला. घरगुती उपकरण रविवार सोडून रोज दुपारी चारनंतर दहा मिनिटं चालवायला हरकत नाही, असं त्यांनी लिहून घेतलं आणि खाली काकांची सही घेतली.

दहा मिनिटं! इंजिनाचं सगळं कोडं सोडवायला रोजची दहा मिनिटं. काकांना मात्र ते गैर वाटलं नाही. वाचनालयातली माणसंही दहाच मिनिटांसाठी येत आणि संध्याकाळपर्यंत बसत.

रविवारी ढकलगाडीची चाकं काढली आणि गाडी नळाजवळच्या कोब्यात पक्की ठोकली. सोमवारी काका परवाना कार्यालयात गेले. तिथल्या कारकुनाने अर्ज न वाचताच परत केला.

"इंजिन होडीत बसवून दाखवा."

"मग बसवून आणतो."

"पण न तपासलेलं इंजिन बसवलेली होडी पाण्यात घालता येत नाही."

"मग तपासा ना आधी."

"तेच तर म्हणतोय. होडीत बसवून दाखवा."

दुसरा कोणी असता तर टेबलावर मूठ आपटून आला असता. काकांना टेबलावर मूठ आपटता येत नसे. एकदा आपटली होती तेव्हा शाईची दौत सांडली होती. ते नुसतं म्हणाले, "तुमचं नियमांचं पुस्तक जरा बघायला मिळेल का? इथेच उभा राहून वाचतो." कारकुनाने कपाटावरून धूळ खात पडलेलं एक बाड काढून दिलं. काकांनी ते पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. दीड वाजता जेवायची सुट्टी झाली, अडीचला संपली, काका उभेच. पावणेपाचला त्यांनी पान एकशे सत्तेचाळीसच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात छापलेल्या एका टिपेवर बोट ठेवलं: इंजिन बसवण्यापूर्वी जमिनीवर सलग दहा मिनिटं चालवून दाखवल्यास निरीक्षकाला ते ग्राह्य धरता येईल.

कारकुनाने टीप दोनदा वाचली. "हे आम्हालाही माहीत नव्हतं," तो दुखावल्या आवाजात म्हणाला. "आता सगळेच मागतील." पण त्याने तारीख दिली. पुढचा सोमवार, दुपारी चार. त्यानंतरची निरीक्षकांची मोकळी तारीख थेट पुढच्या महिन्यात होती.

मग सुरू झाली ती आठवडाभराची जुळवाजुळव. रोज चार वाजता अंगणात इंजिनाभोवती मंडळी जमत आणि प्रत्येकाचं आपापलं निदान असे. धूर काळा आला की डिझेल जास्त, पांढरा आला की डिझेल पेटायचं टायमिंग चुकलंय आणि निळा आला की तेल जळतंय, असा पुस्तकात तक्ता होता. इंजिनाने पहिल्या दोन दिवसांत तिन्ही रंग दाखवले. वरच्या मजल्यावरच्या एका आजींनी ते फारच गार पाणी पितंय, कोमट द्या, असं सुचवलं. डॉक्टर तर रोज स्टेथोस्कोप घेऊनच खाली उतरत. ते डोळे मिटून हेडवर, बाजूला, पंपावर नळी लावत आणि म्हणत, "छातीत घरघर आहे. डावीकडे जास्त."

"डॉक्टर, ते इंजिन आहे," दादा म्हणत.

"बोलता न येणारे सगळे पेशंट सारखेच," डॉक्टर म्हणत. गंमत म्हणजे झडप उघडणारं डावीकडचं टॅपेट खरंच सैल निघालं.

टॅपेटच्या फटीला पुस्तकात एक माप दिलेलं होतं आणि ते मोजायला पातळ पत्र्यांचा एक जुडगा लागतो. काका तो जुडगा आणायला विसरले होते. पण त्यांनी बोटांनी चाचपून सांगितलं, "शब्दकोशाची तीन पानं बसतील एवढी फट पाहिजे." दुसऱ्या दिवशी जुडगा आणून मोजलं तर फट बरोबर होती. दादांनी तेव्हापासून त्यांच्याकडे वेगळ्या नजरेने पाहायला सुरुवात केली आणि काकांना त्या नजरेची इतकी धास्ती वाटायला लागली की त्यांची दुपारची झोप उडाली. लोकांचा आपल्यावर विश्वास बसणं यासारखं संकट नाही, असं त्यांचं जुनं मत होतं.

स्क्रू पाव आटा इकडे, पाव आटा तिकडे. काका प्रत्येक पाव आट्याची नोंद वहीत करीत आणि दादा एक लाकडी दांडा हेडला टेकवून, दुसरं टोक कानाला लावून ऐकत. "वही मिटा भाऊजी, ऐका. अजून दम लागतोय त्याला." पुन्हा पाव आटा. शनिवारी चार वाजून पाच मिनिटांनी दादांनी दांडा खाली ठेवला. धूर दिसेनासा झाला होता. जिन्यावरून एखादा निवांत माणूस रोजच्या सवयीने खाली उतरावा तसं इंजिन ठुक ठुक ठुक ठुक चालत होतं. आवाजात काही कमी नव्हतं, काही जास्त नव्हतं. काकांनी चष्मा काढून पुसला. त्यावर तेल उडालं होतं, असं त्यांनी नंतर काकूंना सांगितलं.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. काकांनी ती कोणालाच सांगितली नव्हती.

इंजिन उघडलं त्या दिवशी पुस्तकात सूचना होती की उघडी राहिलेली सर्व भोकं स्वच्छ फडक्यांनी बंद करावीत, म्हणजे आत धूळ जाणार नाही. काकूंनी फडकी द्यायला साफ नकार दिला. तेव्हा काकांनी आपला जन्माचा सोबती बाहेर काढला. पुस्तकाच्या आत तारखेचा शिक्का मारायला चिकटवतात त्या चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा त्यांच्याकडे उरला होता. साध्या चिठ्ठ्या नव्हेत. वाचकांच्या ओल्या हातांनी त्या खराब होतात म्हणून काकांनी नोकरीच्या शेवटच्या वर्षी त्यांना प्लास्टिकचा पातळ थर लावून घेतला होता. त्यांच्या कारकिर्दीतली ती एकमेव सुधारणा. एकेक चिठ्ठी गुंडाळून त्यांनी एकेका भोकात बसवली आणि वहीत लिहिलं: 'चिठ्ठ्या अकरा.'

इंजिन पुन्हा जोडताना चिठ्ठ्या निघाल्या दहा.

काकांनी त्या चार वेळा मोजल्या. मग काकूंना आडवळणाने विचारलं, "तू माझी एखादी चिठ्ठी घेतलीस का गं? सामानाची यादी वगैरे लिहायला?"

काकू कणीक मळत होत्या. त्यांनी काकांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "घेतली असेल."

काकांना एवढं पुरलं. इंजिनाचा प्रत्येक नट दोनदा तपासणारा माणूस ते दोन शब्द मात्र न तपासता उराशी धरून पाच महिने बसला. आपल्याकडून चूक झाली असेल अशी शंका काकांना दिवसातून वीस वेळा येई. त्यामुळे खरोखरच झालेली चूक त्यांतली नेमकी कुठली, हे ओळखणं अवघड होऊन बसलं होतं.

शनिवारी इंजिन पहिल्यांदाच न थांबवता चाललं आणि त्या सुखाच्या नवव्या मिनिटाला इंजिनातून पिंपात परत पडणारी पाण्याची धार एकदम बारीक झाली. डॉक्टर नळी लावून म्हणाले, "शिट्टी वाजतेय. नाकात काहीतरी अडकलेल्या पोराची वाजते तशी." दादा म्हणाले, पंपातलं रबरी चाक जुनं आहे, बदलून टाकू. रविवारी बदललंही. पण रविवारी घरगुती उपकरणाला सुट्टी होती, त्यामुळे चालवून बघता आलं नाही.

सोमवारी चारला पाच मिनिटं असताना निरीक्षक आले. पन्नाशीचा गृहस्थ, हातात फायलींची पिशवी. अंगणात पाऊल टाकून त्यांनी काकांकडे पाहिलं आणि लगेच मान खाली घातली, ती वर केलीच नाही. काकांना चेहरा कुठेतरी पाहिल्यासारखा वाटला, पण 'आपण कुठे भेटलोय का' हे विचारायला लागणारा धीटपणा त्यांना कुठून आणायचा?

"मला घाई आहे," निरीक्षक जमिनीला म्हणाले. "दहा मिनिटं चालवा, सही करतो, जातो."

दादांनी हँडल मारलं. तिसऱ्या फेऱ्याला इंजिन सुरू झालं, ठुक ठुक ठुक, शनिवारपेक्षाही गोड. धार जाड पडत होती. निरीक्षकांनी घड्याळ काढून ठेवलं आणि उभ्या उभ्या फॉर्म भरायला घेतला. दादांच्या चेहऱ्यावर तर पुन्हा नदी दिसायला लागली होती. काकू चहा घेऊन आल्या.

सातव्या मिनिटाला काकांना वाटलं, धार बारीक झाली. मग वाटलं, नाही झाली. आठव्या मिनिटाला वाटण्याचा प्रश्न उरला नाही. त्यांनी हेडवर तळहात ठेवला आणि लगेच उचलला.

ते काकूंजवळ गेले. "खरं सांग," ते कुजबुजले. "माझी चिठ्ठी घेतली होतीस तू?"

"कुठली हो?"

"पाच महिन्यांपूर्वी. तू म्हणालीस, घेतली असेल."

काकूंनी आवाज खाली आणला. "छे. मी कशाला घेऊ? तुम्ही इतके केविलवाणे दिसत होतात त्या दिवशी, म्हणून म्हटलं."

समोर निरीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं होतं. नऊ मिनिटं झाली होती. अजून एक मिनिट गप्प बसलं की काम फत्ते. आणि गप्प बसणं ही गोष्ट तर जगात काकांइतकी कोणालाच साधलेली नव्हती. सही होईल, मग सावकाश उघडून बघू, असंही त्यांच्या मनात आलं. पण दादा उद्याच इंजिन बसवणार होते, परवा चौदा माणसं घेऊन निघणार होते. फेरी पंचवीस मिनिटांची होती. नवव्या मिनिटाला होडी कुठे असते? बरोबर मधल्या ओढीत, जिथे प्रवाहाला सगळ्यात जास्त जोर असतो.

"थांबा!" काका ओरडले.

अंगणातल्या कोणी त्यांचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. त्यांनी स्वतःही नव्हता. पुस्तक न उघडता त्यांनी डिझेलचा कॉक बंद केला आणि इंजिन थांबलं. साडेनऊ मिनिटांवर.

"भाऊजी!" दादांच्या तोंडून एवढंच निघालं.

"सही करू नका," काका निरीक्षकांना म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "आत चिठ्ठी आहे. माझी. मीच ठेवली होती आणि मीच विसरलो. म्हणजे विसरलो नव्हतो, मला… मला शंका होती. थंड असताना ती गुंडाळलेली राहते, पाणी जातं. तापली की उलगडते आणि वाट अडवते. दादा, चूक माझी आहे. गॅरेजवाला म्हणत होता तेच बरोबर होतं, तुम्ही माझ्यावर…"

दादा इंजिनाकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी हात पुसले आणि पाना उचलला.

"बोलायचं ते नंतर बोलू भाऊजी. कुठे आहे ती, ते सांगा."

काकांनी बोट दाखवलं तो, हेडला पाणी जातं तिथला वाकडा पाइप दादांनी चार बोल्ट काढून सोडवला. आत खोल काहीतरी पांढरं दिसत होतं. पक्कड पोचेना, तार टोचली की ते आणखी आत सरके. तेव्हा डॉक्टरांनी सगळ्यांना बाजूला केलं. त्यांनी बॅगेतून एक लांब, बारीक चिमटा काढला आणि बाह्या सारल्या.

"चाळीस वर्षं पोरांच्या नाकातून मणी आणि पेन्सिलींची टोकं काढतोय," ते म्हणाले. "कोणीतरी टॉर्च धरा. आणि याला कोणी रागावू नका, घाबरलं की श्वास आत ओढतं."

टॉर्च सेक्रेटरींनी धरला. डॉक्टरांनी जीभ दातात धरून चिमटा आत घातला, अर्धा वळवला आणि चिठ्ठी अख्खीच्या अख्खी बाहेर आली. इतके महिने आत राहून आणि आठवडाभर गरम पाण्यात शिजूनही तिच्यावरचं एक अक्षर पुसलं नव्हतं. काकांची एकमेव सुधारणा फारच टिकाऊ निघाली होती.

डॉक्टरांनी ती उघडून निरीक्षकांच्या हातात दिली. तिच्यावर छापलं होतं: 'हे पुस्तक खालील तारखेस परत करावे.'

निरीक्षकांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी चिठ्ठी वाचली, खालमानेनेच काकांकडे पाहिलं, पुन्हा चिठ्ठी वाचली.

"सर," ते म्हणाले, "मला वाटलं होतं तुम्ही मला ओळखलं नाहीत."

काकांनी चष्मा कपाळावर सारला.

"एवढं सगळं करायची गरज नव्हती हो. नुसतं सांगितलं असतंत तरी दिलं असतं. आहे माझ्याकडे ते पुस्तक. एकोणीस वर्षं झाली. दर महिन्याला वाटायचं, नेऊन द्यावं. पण जितका उशीर झाला तितकी तुमच्यासमोर यायची लाज वाटायला लागली. लायब्ररी असलेल्या रस्त्यानेच जायचं सोडलं मी. आज अर्जावर नाव वाचलं तेव्हा रजा टाकणार होतो."

काकांच्या डोक्यात कुठेतरी एक कपाट उघडलं. "दोरखंडांच्या गाठींचं," ते सावकाश म्हणाले. "निळी बांधणी. चित्रांचं. तिसरं कपाट, खालची फळी."

"तेच. ते वाचूनच मी या खात्यात लागलो."

दोन्ही माणसं एकमेकांसमोर माना खाली घालून उभी राहिली. यातला अपराधी कोण आणि निरीक्षक कोण, हे बाहेरून आलेल्याला सांगता आलं नसतं. शेवटी काकांनी विचारलं, "शेवटपर्यंत वाचलंत ना?"

"दोनदा."

"मग झालं तर," काका म्हणाले.

निरीक्षकांनी मान वर केली ती त्या दुपारी पहिल्यांदाच. त्यांनी घड्याळ पाहिलं. "ऑफिस साडेपाचला बंद होतं. जोडा इंजिन. नियमात सलग दहा मिनिटं आहेत, पण मी अर्धा तास बसणार आहे. अशा हेडवर मी सही करणार होतो, मला माझाच राग आलाय."

पाइप जोडून पंधरा मिनिटांत इंजिन पुन्हा सुरू झालं. पाचवं मिनिट गेलं. नववं गेलं. काकांनी श्वास धरला होता. दहावं गेलं आणि सगळ्यांच्या नजरा सेक्रेटरींकडे वळल्या. तेही घड्याळाकडेच बघत होते. त्यांनी खिशातून वही काढली, आपलंच लिहिलेलं वाचलं, पेन्सिल चावली.

"दहा मिनिटं असं लिहिलंय," ते म्हणाले. "दिवसातून किती वेळा, ते लिहिलेलं नाही. ही वेगवेगळी दहा मिनिटं धरू. लागोपाठ."

अर्धा तास इंजिन ठुक ठुक चाललं आणि पाण्याची धार अंगठ्याएवढी जाड पडत राहिली. तिसाव्या मिनिटाला निरीक्षकांनी हेडवर हात ठेवला आणि तो तिथेच ठेवून दुसऱ्या हाताने सही केली. काका कोब्याच्या कडेवर बसले. काकूंनी त्यांच्या हातात कप दिला. चहा केव्हाच गार झाला होता. इतका चांगला चहा आपण कधी प्यायलो नाही असं काकांना वाटलं.

"खोटं बोलले ते चुकलंच माझं," काकू हळूच म्हणाल्या.

"विचारायला मी पाच महिने लावले," काका म्हणाले. "तुझं काय चुकलं?"

दादा जवळ येऊन बसले. मग म्हणाले, "भाऊजी, ते नंतर बोलू म्हटलं होतं ना…"

"हो," काका म्हणाले आणि त्यांनी मान खाली घातली.

"काय बोलायचं होतं ते विसरलो. परवा पहिल्या फेरीला या. पुढची जागा तुमची."

पहिल्या फेरीला काका गेले, पण पुढच्या जागेवर काही बसले नाहीत. ते मागे, जिथून इंजिनाचं पाणी बाहेर पडतं तिथे, काठावर वाकून बसले. नदी, पलीकडची झाडं, उडणारे पक्षी, कशाकडेही त्यांनी पाहिलं नाही. निळ्या बांधणीचं पुस्तक घेऊन लायब्ररीकडे निघालेले निरीक्षक धक्क्यावरून हात हलवत होते, तेही त्यांना दिसले नाहीत. नववं मिनिट आलं तेव्हा होडी मधल्या ओढीत होती. धार जाड होती.

"भाऊजी, आता तरी निवांत बसा की!" सुकाणूवरून दादा ओरडले.

काकांनी खिशात हात घातला आणि आतल्या आत, बोटांनी, पुन्हा एकदा मोजलं. अकरा.

मग ते वळून बसले आणि त्यांनी नदी पाहिली.